कोपरा फाटलेलं कार्ड

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. गल्लीतला रिक्षावाला मुलगा दारात उभा होता. हातात मोबाइल, आणि चेहरा असा की मी आधी विचारलं, "आई बरी आहे ना?" तो म्हणाला, "तेच विचारायला आलोय, सर. लॅबचा रिपोर्ट आलाय व्हॉट्सअ‍ॅपवर. चौदा पानं आहेत. लाल लाल बरंच काही आहे त्यात."

मी एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. वैद्यकातलं मला फारसं कळत नाही. पण तालुक्याच्या गावात इंग्रजी येणारा माणूस म्हणजे सगळंच येणारा माणूस, असा समज असतो आणि तो मोडायला जीव होत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचून दाखवणं हा माझा बिनपगारी धंदा झाला आहे. कोणाचे थायरॉइडचे पॉइंट वाढलेले असतात, कोणाच्या पेशी कमी झालेल्या असतात, कोणाच्या सोनोग्राफीत काहीतरी 'निघालेलं' असतं.

माझे वडीलही मास्तरच होते. त्यांच्याकडे लोक पत्रं घेऊन येत. मुंबईहून गिरणीतल्या मुलाचं कार्ड, मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली लिहिलेल्या दोन ओळी. कधीकधी कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. तसं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच बायका रडायला लागत, कारण कोपरा फाटला म्हणजे कोणीतरी गेलं. कोण, ते मग वडील वाचून सांगत. त्या फाटक्या कोपऱ्याचा अर्थ ठरलेला होता आणि उगाच कोणी कोपरा फाडत नसे. आता रिपोर्टवर ठळक अक्षरं असतात, लाल रंग असतो, वर-खाली जाणारे बाण असतात, 'एच' आणि 'एल' असतात. काहीही रेषेच्या जरा इकडेतिकडे सरकलं की यंत्र आपलं कोपरा फाडून मोकळं होतं. घरात रडारड तीच. फक्त कोण गेलंय, की कोणीच गेलेलं नाही, हे सांगायला त्या कागदात कोणी नसतं.

त्या चौदा पानांच्या शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य होतं, जे बहुतेक रिपोर्टांवर असतं: प्लीज कोरिलेट क्लिनिकली. मुलानं विचारलं, "हे आपल्याला करायला सांगितलंय का?"

मला वाटतं, सगळा घोळ या प्रश्नात आहे. ते वाक्य त्याला उद्देशून नव्हतंच. ते पॅथॉलॉजिस्टनं डॉक्टरला लिहिलेलं आहे: बाबा रे, मी आकडा दिला, आता समोरचा माणूस तपासून आकड्याचा अर्थ तू लाव. ही व्यवस्था चुकीची नाही. एका डॉक्टरनं दुसऱ्याला लिहिलेलं पत्र त्यांच्या भाषेत असायला हरकत कोणाची? पण पूर्वी ते बंद पाकिटातून डॉक्टरकडे जायचं. आता ते थेट आपल्या मोबाइलवर येतं, बहुधा दवाखाना बंद झाल्यावर. पत्रावर नाव डॉक्टरचं, पोहोचतं आपल्याकडे, पैसे आपण दिलेले, आणि भीतीही आपल्याच वाट्याला. पत्ता बदलला, मजकूर बदलला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जो रिपोर्ट रुग्णाच्या हातात दिला जातो, त्याचं पहिलं पान रुग्णाला लिहिलेलं असलं पाहिजे, त्याच्या भाषेत, आणि ते लिहिण्याची जबाबदारी तपासणीचे पैसे घेणाऱ्याची असली पाहिजे.

आता त्या लाल आकड्यांकडे येऊ. शेजारच्या रकान्यात 'नॉर्मल' किंवा 'रेफरन्स रेंज' म्हणून जी हद्द छापलेली असते, ती कुठून येते? बऱ्याच चाचण्यांच्या बाबतीत ती अशी ठरते: निरोगी माणसं घ्यायची, निदान १२० तरी, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमानं लावायचे, आणि वरचे अडीच टक्के व खालचे अडीच टक्के सोडून मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतले पाच त्या हद्दीबाहेर जाणार, हे हद्द आखतानाच ठरलेलं असतं. त्या पाचांना काही झालेलं नसतं. एका चाचणीत पाच टक्के हे फार वाटत नाही. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टमध्येही निदान एक लाल आकडा येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात जाते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी थोड्या बांधलेल्या असतात म्हणून हिशेब इतका काटेकोर राहत नाही, पण दिशा तीच. रिक्षावाल्याच्या आईला डॉक्टरांनी फक्त हिमोग्लोबिन सांगितलं होतं, कारण तिला थकवा होता, चक्कर यायची. लॅबमधल्या मुलीनं सांगितलं की थोडे जास्त पैसे टाकले की पॅकेजमध्ये बासष्ट चाचण्या होतात. बासष्ट चाचण्यांत एकही लाल आकडा न येणं ही बातमी झाली असती.

हद्द आखण्याचा हा वाद आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाला होता, वेगळ्या विषयावर. १९७१ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीची रेषा मांडली, माणशी रोज २२५० उष्मांक धरून. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली: सरासरी गरजेची रेघ मारून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणता येणार नाही, कारण निरोगी माणसांच्या गरजांतच मोठा फरक असतो, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक हलते. दांडेकरांनी ते मान्य केलं नाही आणि पुण्यातल्या विद्वानांत बरीच वर्षं यावरून खणाखणी चालू होती. सुखात्म्यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटावा असं नाही, मलाही पुरता पटत नाही. पण त्यांचा प्रश्न प्रत्येक रिपोर्ट बघताना मला आठवतो: ही रेघ कोणी मारली, आणि कशासाठी?

कारण सगळ्या रेघा एका जातीच्या नसतात, आणि रिपोर्ट हे लपवतो. सोडियम-पोटॅशियमची हद्द वर सांगितली तशी, निरोगी लोकांच्या आकड्यांवरून काढलेली. कोलेस्टेरॉलची तशी नाही. तिथे 'किती लोकांचं एवढं असतं' याला महत्त्व नाही, किती झालं की हृदयविकाराचा धोका वाढतो हे बघून डॉक्टरांच्या संघटनांनी बसून ती ठरवली आहे. तीन महिन्यांच्या साखरेचं, म्हणजे एचबीए१सीचं, तसंच. अमेरिकेतल्या डायबेटिस असोसिएशननं ५.७ ते ६.४ याला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हटलं आणि ६.५ पासून मधुमेह. ड जीवनसत्त्वाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्याच एंडोक्राइन सोसायटीनं २०११ साली ३० च्या खाली अपुरं असं सांगितलं. त्याच सुमारास तिथल्याच दुसऱ्या एका मोठ्या संस्थेचं मत होतं की बहुतेकांना २० पुरतात. मग २०२४ साली एंडोक्राइन सोसायटीनं आपला ३० चा आग्रह सोडून दिला आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी उठसूट करू नये असंही सांगितलं. आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टांत ३० ची रेघ अजून जागच्या जागी आहे. पंचवीस आकडा आलेली माणसं सॅशे घेऊन दुधात कालवतायत. पहिल्या जातीची रेघ आणि दुसऱ्या जातीची रेघ एकाच रकान्यात, एकाच टाइपात छापलेल्या असतात. वाचणाऱ्याला कसं कळावं?

आता त्या माउलीचा रिपोर्ट. वय सत्तेचाळीस. पान दोनवर हिमोग्लोबिन ९.८, लाल. लाल पेशींचा आकार लहान, तोही लाल. पान नऊवर तीन महिन्यांची साखर ६.१, लाल, आणि खाली चौकटीत 'प्रीडायबेटिस'. त्याच पानावर उपाशीपोटीची साखर ९२, काळी. मुलानं अर्थातच नववं पान धरलं होतं, कारण डायबेटिस हा शब्द त्याला वाचता आला. "आईला शुगर निघाली," म्हणाला. घरात तोपर्यंत भात बंद झाला होता.

मी त्याला आणि त्याच्या आईला सकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पान दोन आणि पान नऊ शेजारी ठेवली आणि बाईंना पाळीबद्दल दोन प्रश्न विचारले. अंगावरून खूप जात होतं, सहा महिन्यांपासून. डॉक्टर म्हणाले, लोह कमी पडलं की लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि तीन महिन्यांची साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. आधी लोह भरून काढू, पाळीचं कारण बघू, साखर मग परत तपासू. 'कोरिलेट क्लिनिकली' म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. बासष्ट आकड्यांतले दोन आकडे आणि न छापलेली एक गोष्ट यांची गाठ मारणं. ते काम डॉक्टरचंच आहे आणि ते लॅबनं करावं असं मी म्हणत नाही. पण पान नऊवर 'प्रीडायबेटिस' असा शिक्का मारण्याइतकं लॅबला कळत असेल, तर 'तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यामुळे हा आकडा फसवा असू शकतो' हे मराठीत लिहिण्याइतकंही कळायला हवं. तेवढा नियम तर यंत्रालाही शिकवता येतो.

शब्दांचं वेगळंच प्रकरण आहे. शाळेत आम्ही शिकवतो की पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. रिपोर्टमध्ये ते वाईट. 'अनरिमार्केबल' म्हणजे दखल घेण्यासारखं काही नाही, म्हणजे उत्तम. माझा एक माजी विद्यार्थी, चांगला पदवीधर, त्याचा अर्थ 'काही सांगता येत नाही' असा लावून दोन दिवस झोपला नव्हता. 'क्रॉनिक' म्हणजे जुनाट, फार दिवसांचं. लोक ते 'फार गंभीर' असं वाचतात. लघवीच्या रिपोर्टमध्ये 'पस सेल्स २-३' हे नॉर्मल असतं, पण पू हा शब्द वाचल्यावर कोण शांत बसेल? प्लेटलेट डॉक्टर तोंडी 'दीड लाख' सांगतात आणि कागदावर १५० छापलेलं असतं, बाजूला हजाराचं चिन्ह बारीक. डेंग्यूच्या दिवसांत या शून्यांनी किती घरं रात्री तालुक्याहून जिल्ह्याला धावली असतील!

आणि करोनातला २०२१ चा उन्हाळा आठवा. घशातल्या स्वॅबचा रिपोर्ट यायचा, त्यात सीटी व्हॅल्यू. छातीचा स्कॅन व्हायचा, त्यात सीटी स्कोअर, २५ पैकी. पहिला आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त. दुसरा जितका जास्त तितकी फुप्फुसं खराब. मराठीत दोन्ही 'सीटी'. "सीटी आठ आला" हे वाक्य फोनवर ऐकून कोणी सुटकेचा श्वास सोडला, कोणी खाटेसाठी धावाधाव केली, आणि दोघांनाही आपण नेमकं काय ऐकलं ते माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या साथीत, दारोदार फिरणाऱ्या आशाताईंपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळी यंत्रणा हललेली असताना, त्या दोन आकड्यांखाली एक मराठी ओळ छापायला कोणाला सुचलं नाही.

पाठीच्या एमआरआयचं काय सांगावं. 'डिफ्यूज डिस्क बल्ज इंडेंटिंग द थीकल सॅक' (मणक्यांमधली चकती फुगून मागच्या पिशवीला टेकली आहे) हे वाचल्यावर माणूस वाकायचंच सोडतो. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन त्यात बघितले होते. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत चकती फुगलेली दिसली, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. केस पांढरे व्हावेत तसं हे. मग अमेरिकेत कोणीतरी हाच आकडा रिपोर्टमध्ये छापून बघितला, अडीच लाखांच्या आसपास रुग्णांच्या बाबतीत. पुढच्या तपासण्या आणि उपचार त्यानं कमी झाले नाहीत, वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. माझ्या बाजूला हा पुरावा गैरसोयीचा आहे, म्हणूनच सांगतो. पण त्यात एक मेख आहे: ती ओळ डॉक्टरांसाठी होती, डॉक्टरी भाषेत. जुन्याच पत्त्यावर आणखी एक वाक्य टाकलं. मी पत्ता बदलायला सांगतोय.

इथपर्यंत सगळी उगाचच्या भीतीची उदाहरणं झाली. भीती निदान माणसाला कोणाच्या तरी दारात नेते. न समजलेल्या रिपोर्टचं त्याहून वाईट फळ म्हणजे खोटा दिलासा. गाठीतून सुईनं पाणी काढतात, रिपोर्ट येतो 'इनअ‍ॅडिक्वेट'. म्हणजे नमुना पुरेसा नव्हता, परत काढावा लागेल. घरी अर्थ लावला जातो: काही सापडलं नाही. स्तनाच्या मॅमोग्राफीवर शेवटी एक अंक असतो, शून्य ते सहा. शून्य वाचून कोण घाबरेल? पण त्या पद्धतीत एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे साधी गाठ, आणि शून्य म्हणजे एवढ्या फोटोंवरून काही सांगता येत नाही, आणखी फोटो काढा किंवा जुने आणून दाखवा. शून्य हा एकापेक्षा काळजीचा आहे. परीक्षेचे गुण मोजत आयुष्य गेलेल्या मास्तरालाही हे उलटं गणित पचायला वेळ लागला. ज्या बाईनं शून्य बघून देवापुढे साखर ठेवली आणि फाइल कपाटात टाकली, तिला आपण अडाणी म्हणायचं का? तिनं अंक बरोबर वाचला होता.

विदर्भात आणि नंदुरबारकडे तर दोन अक्षरांवर लग्नं मोडतात. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याची पहिली झटपट चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर तिच्यावरून एवढंच कळतं की रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस रोगी आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी लागते, आणि तिच्या उत्तरात 'एएस' किंवा 'एसएस' असं येतं. एएस म्हणजे वाहक, एरवी बहुधा आयुष्यभर ठीक असणारा माणूस. त्यानं लक्ष एकाच ठिकाणी द्यायचं: जोडीदारही एएस असेल तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. हे तीन वाक्यांत सांगता येतं, गोंडीत, कोरकूत, भिलीत, वऱ्हाडीत. २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. तपासणीचा आकडा मोजायला सोपा असतो. 'पॉझिटिव्ह' एवढंच ऐकून गेलेली मुलगी आपण रोगी आहोत असं समजून किती वर्षं जगली, त्याचा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नसतो. या मोहिमेत समुपदेशक आहेत, रंगीत कार्डंही आहेत, हे मी नाकारत नाही. पण समुपदेशक भेटेल तेव्हा भेटेल, कागद आधीच घरी पोहोचलेला असतो.

कायद्याचं म्हणाल तर कागद मिळण्याचा हक्क आपल्याला आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायला सांगितलं आहे. २०१६ मध्ये डॉक्टरांनी औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत अशी दुरुस्ती झाली. रिपोर्टवर सही कोणाची असावी, यावरून तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं आणि २०१७ च्या डिसेंबरात ठरलं की ती पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच असली पाहिजे. अक्षर सुधारलं, सही सुधारली. अर्थ कोणी सांगायचा यावर मात्र कोणी कोर्टात गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली, तिच्यात रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. दवाखान्यांच्या भिंतीवर सनद लावलेली मी पाहिली आहे. इंग्रजीत.

आता हरकती. डॉक्टर मित्रांशी मी यावर भांडलो आहे, त्यामुळे त्या मला पाठ आहेत.

पहिली: लोक घाबरतील, अर्धवट ज्ञान घातक. अहो, ते आत्ता घाबरतायतच. आणि रिपोर्ट लपवून भीती कमी होत नाही. अमेरिकेत २०२१ च्या एप्रिलपासून रिपोर्ट तयार झाल्याबरोबर रुग्णाला दिसलाच पाहिजे असा नियम झाला. त्यानंतर चार विद्यापीठांच्या रुग्णालयांतल्या आठ हजारांवर लोकांना विचारलं, तर ९५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की डॉक्टरांच्या आधी दिसला तरी चालेल, आम्हाला लगेच हवा. ज्यांचे रिपोर्ट बिघडलेले होते त्यांनीही तेच सांगितलं. माणसांना सत्य सोसतं. कोडं सोसत नाही.

दुसरी: लॅबला पेशंट माहीत नसतो, आम्ही अर्थ कसा सांगणार? ही हरकत खरी आहे. मग तेवढंच मराठीत लिहा. 'आम्ही तुम्हाला तपासलेलं नाही, हा आकडा तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यावरून काही ठरवू नका' हे वाक्य 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'चंच आहे, फक्त योग्य माणसाला सांगितलेलं. पण डॉक्टरची चिठ्ठी नसताना, जाहिरात करून, घरी माणूस पाठवून तुम्ही बासष्ट चाचण्या विकल्या असतील, तर 'पेशंट माहीत नाही' हे म्हणायची सोय तुम्हाला राहत नाही. अर्थ सांगणारा डॉक्टर तुम्हीच पुरवा. पॅकेजच्या किमतीत. तो परवडत नसेल तर पॅकेज परवडत नाही.

तिसरी वेळेची. ओपीडीत साठ माणसं बसलेली असताना पत्रं कोण लिहिणार? यावर ब्रिटनकडे बघावं. तिथे तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाच्या घरच्या डॉक्टरला पत्र लिहितात आणि रुग्णाला प्रत पाठवतात. अशा प्रती रुग्णांना द्याव्यात हे तिथल्या सरकारनं २००० सालीच ठरवलं, पण प्रत वाचून रुग्णाला काही कळेना. मग २०१८ साली तिथल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं डॉक्टरांना सांगितलं: पत्र रुग्णालाच लिहा, प्रत घरच्या डॉक्टरला पाठवा. दोन पत्रं नाहीत, एकच; फक्त 'प्रति' पुढचं नाव बदलायचं. नाव बदललं की भाषा आपोआप बदलते, हा माझा पत्रलेखन शिकवण्याचाही अनुभव आहे. 'मुख्याध्यापकांस' लिहिणारा मुलगा आणि 'प्रिय आजी' लिहिणारा मुलगा एकच असतो, पण आजीच्या पत्रात त्याला काय म्हणायचंय ते कळतं. रुग्णाला लिहिताना डॉक्टरलाही आपलं नक्की काय म्हणणं आहे ते ठरवावं लागतं. आणि डावा पाय लिहायच्या जागी उजवा लिहिला गेला तर ते पहिल्यांदा रुग्णाच्याच लक्षात येतं.

चौथी हरकत ऐकून मला राग येतो: मराठीत शब्दच नाहीत. शब्द भरपूर आहेत, फक्त ते लोकांच्या तोंडात आहेत आणि कोशात नाहीत. तीन महिन्यांची साखर. काविळीचे पॉइंट. पेशी. किडनीचा रिपोर्ट. यातलं काहीही समजावून सांगायला संस्कृतातून धातू आणावा लागत नाही. उलट मला धास्ती आहे ती सरकारनं हे मनावर घेण्याची. समिती बसेल, परिभाषा होईल, आणि हिमोग्लोबिनला असा काही शब्द मिळेल की लोक तो समजून घ्यायला इंग्रजी मास्तरकडे येतील. क्रिएटिनीनला क्रिएटिनीनच राहू द्या, देवनागरीत. त्याच्यापुढे 'मूत्रपिंडं रक्त किती साफ करतात ते यावरून कळतं' एवढं लिहिलं की झालं.

आणि मोबाइलवरचं एआय? मुलं आता रिपोर्टचा फोटो काढून त्याला विचारतात. पुष्कळदा उत्तर बरं असतं, माझ्यापेक्षा नक्कीच बरं. पण त्यानंही त्या बाईंना पाळीबद्दल विचारलं असतंच असं नाही, आणि चुकलं तर जाब विचारायला त्याला पत्ता नाही. तपासणी करणाऱ्यानं अर्थ सांगायची जबाबदारी टाळावी आणि ती फोनवरच्या यंत्रानं उचलावी, ही तडजोड मला मान्य नाही. लॅबनं आपली मराठी ओळ यंत्राकडून लिहून घेतली तरी चालेल, खाली सही करणाऱ्यानं ती वाचलेली असली म्हणजे झालं.

मला हवं असलेलं पहिलं पान मोठं नाही. त्या सकाळी डॉक्टरांचं बोलणं ऐकून मी मुलासाठी वहीच्या पानावर एक नमुना लिहून बघितला होता. तिथेच डॉक्टरांना दाखवला, त्यांनी दोन शब्द खोडले. तो असा झाला:

'तुमच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. थकवा आणि चक्कर यामुळे असू शकते. कारण शोधण्यासाठी या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तीन महिन्यांची साखर थोडी जास्त दिसते, पण हिमोग्लोबिन कमी असताना हा आकडा खात्रीचा नसतो. तो नंतर परत तपासावा लागेल. बाकी जे आकडे लाल छापले आहेत ते हद्दीच्या अगदी जवळ आहेत आणि आज त्यांच्यासाठी काही करायची गरज नाही. रात्रीतून दवाखान्यात जावं असं यात काही नाही.'

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी घातलं. म्हणाले, "रात्री साडेनऊला लोकांना एवढंच हवं असतं."

चौदा पानांची रंगीत प्रत मी त्या सकाळी झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतली होती, पानाला दहा रुपये देऊन. ती अजून माझ्याकडेच पडून आहे. वहीचं पान बाई घेऊन गेल्या. घडी करून गोळ्यांच्या डब्यात ठेवलंय, असं मुलगा परवा सांगत होता. आणि भात पुन्हा सुरू झालाय.